जुन्या फोटोंवरून हरवलेली मुंबई ओळखताना

चर्चगेट स्टेशनच्या दक्षिणेला रेल्वेचे रूळ आणि त्यांच्या डोक्यावर विजेच्या तारा, असा एखादा फोटो सापडला तर त्याचा काळ जेमतेम तीन वर्षांत बसवता येतो. बीबीसीआय रेल्वेने कुलाबा ते बोरिवली हा मार्ग ५ जानेवारी १९२८ रोजी विजेवर आणला आणि १९३० संपता संपता कुलाबा स्टेशन कायमचे बंद झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल सुरू झाले, लोकल चर्चगेटला थांबू लागल्या, आणि कुलाब्याच्या त्या जागेवर पुढे बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आली. खांब उभारण्याची आधीची आणि ते उखडण्याची नंतरची थोडी मुदत धरली तरी हिशेब फारसा हलत नाही. फोटोवर मथळा नसला, छायाचित्रकाराचे नाव नसले, तरी अडत नाही.

इतकी सोय फार थोड्या फोटोंच्या वाट्याला येते. बहुतेकांच्या बाबतीत अंदाज, आठवण, नकाशा आणि ऐकीव माहिती यांची सरमिसळ करूनच निष्कर्ष काढावा लागतो. गेल्या वीसेक वर्षांत देशोदेशीच्या संग्रहालयांनी आपले अल्बम स्कॅन करून खुले केले आणि मुंबईचे हजारो जुने फोटो एकाएकी सर्वांच्या नजरेस आले. पूर्वी हे काम मूठभर अभिलेखपाल आणि वास्तुतज्ज्ञ करत. आता त्यात रेल्वेचे शौकीन आहेत, बेस्टचे निवृत्त कर्मचारी आहेत, चाळीत वाढलेले लोक आहेत. माणसे वाढली तसे मतभेदही वाढले. या मतभेदांची आजची स्थिती काय आहे, कोण काय म्हणते आणि काय अजून अडलेले आहे, ते इथे पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फोटो ओळखणे म्हणजे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देणे. फोटोत दिसते ती वस्तू कोणती? कॅमेरा कुठे उभा होता? आणि दिवस कधीचा? एकाचे उत्तर पक्के असले म्हणजे बाकीची दोन पक्की होतात असे नाही. राजाबाई टॉवर ओळखायला कुणाला वेळ लागत नाही, पण तो कुठून आणि केव्हा टिपला, यावर दोन जाणकार हमरीतुमरीवर येऊ शकतात. बरेचसे वाद हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात.

कॅमेरा आला तेव्हा शहर पाडले जात होते

फोटोग्राफी मुंबईत रुळली ती १८५०च्या दशकात. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. विल्यम जॉन्सन तिच्या आघाडीच्या सभासदांपैकी एक होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्या कामात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारही याच काळात पुढे आले. म्हणजे कॅमेऱ्याला शहर पाहायला मिळाले ते नेमके तटबंदीच्या शेवटच्या वर्षांत. १८६२ साली सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत फोर्टच्या भिंती पाडायला घेतल्या गेल्या. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर धास्तावलेल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ज्या खंदकाला हातभार लावला, तो बुजला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे तिन्ही दरवाजे गेले. जॉर्ज किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात तेवढा उरला.

तटबंदीचे फोटो मोजके आहेत याचे हे कारण. तिचे चित्रण करायला कॅमेऱ्याला दहाएक वर्षेच मिळाली, त्यातही ओल्या कोलोडियनच्या काचा, जागेवरच अंधारी खोली आणि काही सेकंदांचा उघडा पडदा असा सारा खटाटोप. चालती माणसे, बैलगाड्या, पालख्या अशा चित्रात उमटत नाहीत, किंवा धुरकट डाग होऊन राहतात. त्यामुळे या काळातल्या फोटोंत रस्ते ओस दिसतात. त्यावरून बाजार गेटचा परिसर निर्मनुष्य होता असे कुणी लिहिले तर ते चूक ठरेल. गजबज होती, काचेवर ती उमटली नाही इतकेच.

भिंती गेल्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात इमारतींची रांग उभी राहिली. सचिवालय आणि विद्यापीठाचे पदवीदान सभागृह १८७४ मध्ये, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये, व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये, महापालिकेची इमारत १८९३ मध्ये, ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये पुरे झाले. या तारखा म्हणजे क्षितिजावर ठोकलेल्या खुंट्याच आहेत. कोणती इमारत आहे, कोणती नाही, कोणती अर्धवट आहे, एवढे पाहूनच एस्प्लनेडचा, म्हणजे फोर्टपुढच्या या मैदानी पट्ट्याचा, बहुतेक कोणताही फोटो पाच-सात वर्षांच्या टप्प्यात आणता येतो. परांचीतला राजाबाई टॉवर दिसला तर त्याहूनही जवळ जाता येते.

पण ही सारी सोय फोर्टपुरती आहे. ज्यांनी फोटो काढले आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांचे शहर फोर्ट, एस्प्लनेड आणि मलबार हिलवरून दिसणारा बॅक बेचा वळसा एवढ्यातच संपत होते. मांडवी, भुलेश्वर, कामाठीपुरा यांच्याकडे कॅमेरा क्वचित वळला. पॅरिसमध्ये जुन्या गल्ल्या पाडण्याआधी नगरपालिकेने शार्ल मार्व्हिलला त्या टिपायला लावले. ग्लासगोत थॉमस ॲननने १८६८ ते १८७१ या काळात दाटीवाटीच्या वस्तीचे फोटो काढले, तेही सुधार मंडळाच्या सांगण्यावरून. मुंबईच्या गल्ल्यांत कॅमेरा सरकारी कामासाठी शिरला तो १८९६च्या प्लेगबरोबर. गेटेकरच्या प्लेग समितीच्या काळात कॅप्टन मॉसने काढलेल्या फोटोंत घरझडत्या, तात्पुरती इस्पितळे आणि झोपड्यांच्या छावण्या आहेत. ती इस्पितळे आणि छावण्या काही महिन्यांतच नाहीशा झाल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांच्यासाठी वस्त्या कापल्या गेल्या. १९११ मध्ये डॉ. बेंटलीने हिवतापावर अहवाल दिला आणि विहिरी-तलाव बुजवण्याला जोर आला. धोबी तलाव, गवालिया टँक, दो टाकी, बाबुला टँक ही नावे राहिली, पाणी गेले. या तलावांच्या घाटांचे, पायऱ्यांचे फोटो समोर येतात तेव्हा ओळखायला आधार सर्वांत कमी असतो, कारण शेजारी राजाबाई टॉवरसारखी खूण नसते. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम आज इथेच पडून आहे.

मथळ्यावर किती विसंबावे

पहिला मोठा मतभेद मथळ्यांविषयी आहे. अभिलेखागारांत काम करणाऱ्यांची भूमिका अशी की अल्बममधला मूळ मथळा खोटा ठरेपर्यंत खरा मानावा. तो लिहिणारा माणूस त्या काळात होता, आपण नव्हतो. शहराचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांची उलट भूमिका अशी की मथळा हा इतर पुराव्यांसारखाच एक पुरावा आहे आणि बऱ्याचदा सर्वांत दुबळा. तो पुष्कळदा वर्षांनंतर, विलायतेत, आठवणीवर लिहिला गेला.

दोन्ही बाजूंना आधार आहे. पण मुंबईत एक खास अडचण आहे. इथली नावे जागा बदलतात. चर्च गेट फ्लोरा फाउंटनजवळ होते आणि आजचे चर्चगेट स्टेशन तिथून पश्चिमेला चालत दहाएक मिनिटांवर आहे. एलफिन्स्टन कॉलेज १८७१ पासून भायखळ्याला होते, १८८८ नंतर ते काळा घोड्याजवळच्या आजच्या इमारतीत आले. त्यामुळे १८७५च्या अल्बमात 'एलफिन्स्टन कॉलेज' लिहिलेले असेल तर ती आपल्या ओळखीची इमारत नव्हे. फ्लोरा फाउंटनजवळचे तारघर मुळात टपालघर म्हणून बांधले होते. बोरीबंदरची नवी जीपीओ १९१३ मध्ये तयार झाल्यावर टपाल तिकडे गेले. एकच इमारत दोन मथळ्यांखाली आढळते ती त्यामुळे, आणि मग कुणीतरी तिला दोन इमारती समजून बसतो.

कॉटन ग्रीनचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. कापसाच्या गासड्यांनी भरलेले मैदान, मथळा 'कॉटन ग्रीन, बॉम्बे'. पण कोणते? टाउन हॉलसमोरच्या मैदानात, जिथे पुढे एलफिन्स्टन सर्कल झाले, तिथे पूर्वी कापूस उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा व्यापार कुलाब्याला हलला आणि कुलाब्यात तो राहिला १९२०च्या दशकापर्यंत. तिथून तो शिवडीला गेला, आणि हार्बर लाइनवरच्या तिथल्या एका स्टेशनाला आज 'कॉटन ग्रीन' हेच नाव आहे. पहिली जागा जवळपास आपोआप बाद होते. कापूस तिथे होता तेव्हा मुंबईत कॅमेरा नव्हता किंवा नुकताच येत होता. उरतात दोन. कुलाब्याच्या फोटोत गासड्या उघड्यावर, उंचसखल ढिगांत रचलेल्या असतात, जवळ समुद्र असतो. शिवडीला आखीव रस्ते आणि ओळीने बांधलेली गोदामे आहेत. एवढे पाहिले की मथळा काय म्हणतो याला फारसे महत्त्व उरत नाही.

पोस्टकार्डांनी हा गोंधळ वाढवला. कार्डावर टपालाचा शिक्का असतो, त्यामुळे तारीख सापडली असे वाटते. पण शिक्का सांगतो कार्ड केव्हा पाठवले ते. छपाई त्याआधीची आणि फोटो छपाईच्याही आधीचा. प्रकाशक जुन्याच काचा वर्षानुवर्षे वापरत. हाताने रंग भरणारे कारागीर तर शहर न पाहताच रंग भरत. स्टुडिओच्या काचांवरचे क्रमांक अधिक विश्वासाचे असतात. बोर्न अँड शेफर्डच्या फोटोंच्या कोपऱ्यात नाव आणि आकडा दिसतो, तो त्यांच्या विक्रीयादीशी ताडता येतो. मात्र १९९१ मध्ये त्यांच्या कोलकात्याच्या स्टुडिओला आग लागली आणि जुन्या काचांचा मोठा साठा जळाला. आता हा ताळा छापील यादी आणि प्रतींवरच भागवावा लागतो.

नकाशा आणि दोन रेषा

मथळ्यावर भिस्त नको म्हणणाऱ्यांचे मुख्य साधन नकाशा आहे. मुंबईचे नशीब असे की तिचे नकाशे तिच्या फोटोंहून चांगले जपले गेले. १८१२ ते १८१६ मधले डिकिन्सनचे सर्वेक्षण तटबंदीच्या काळातले आहे. लॉटनच्या देखरेखीखाली झालेले आणि १८७२च्या सुमारास पुरे झालेले सर्वेक्षण इतके बारीक आहे की त्यात एकेका घराचा आकार, विहीर, गल्ली ओळखता येते.

पद्धत साधी आहे. फोटोत दोन वस्तू एकामागे एक आलेल्या शोधायच्या. समजा, राजाबाई टॉवरची उजवी कड हायकोर्टाच्या मधल्या मनोऱ्याला बरोबर चिकटलेली दिसते. नकाशावर या दोन बिंदूंतून जाणारी रेषा ओढली की कॅमेरा त्या रेषेवर कुठेतरी होता हे निश्चित. आता अशीच दुसरी जोडी शोधायची, शक्यतो पहिलीपासून बरीच बाजूला असलेली. दोन रेषा जिथे छेदतात तिथे छायाचित्रकाराची तिपाई होती. त्या बिंदूवरून अनोळखी इमारतीकडे तिसरी रेषा ओढायची आणि नकाशात ती कुठे अडते ते पाहायचे. फोटोवरून मोजमाप काढण्याचे हे शास्त्र नवे नाही. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअरच्या प्रयत्नांतून प्रशियात त्यासाठी १८८५ मध्ये सरकारी संस्था निघाली होती. अमेरिकेत मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ पासून पश्चिमेकडील जुन्या फोटोंच्या नेमक्या जागा शोधून तिथूनच पुन्हा फोटो काढले आणि या कामाला शिस्त आणली.

मुंबईत या पद्धतीला दोन अडचणी येतात. भरावामुळे किनारा सरकला आहे. जुन्या फोटोत समुद्राच्या काठाने जाणारे रूळ दिसतात, आज त्यांच्या पश्चिमेला मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या रांगा आहेत. छेदबिंदू कधी कुणाच्या बैठकीच्या खोलीत पडतो, कधी जुन्या समुद्रात. तेव्हा कॅमेरा गलबतावर होता काय, हा प्रश्न मनात ठेवावा लागतो. दुसरी अडचण उलट्या फोटोंची. काच उलटी धरून छापले की डाव्याचे उजवे होते, आणि जादूच्या कंदिलाच्या (मॅजिक लँटर्नच्या) काचा तर हटकून उलट्या सापडतात. पाटी किंवा घड्याळ असेल तर लगेच कळते. नसेल तेव्हा माणसांकडे पाहावे. उघड्या अंगाच्या माणसांची जानवी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जायला हवीत. एखाद्याचे उलटे असेल तर तो अपसव्य करून बसला असेल. सगळ्यांचीच उलटी दिसली तर फोटो उलटा आहे.

सावल्यांचाही उपयोग होतो, आणि मुंबईच्या अक्षांशाने एक खास खूण दिली आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथे सूर्य माध्यान्हीला उत्तरेकडे असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर भर दुपारचे ऊन दिसले तर महिना त्यातलाच. पावसाळ्यात स्वच्छ ऊन दुर्मीळ, म्हणून बहुधा मे किंवा जूनचा आरंभ. बंदरांच्या फोटोंत धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आहे ते पाहून भरती-ओहोटीचा अंदाज घेणारेही आहेत, पण दिवस नक्की करण्याइतका तो पुरावा भक्कम आहे यावर सहमती नाही.

तारा, खांब, रूळ

या आढाव्यात मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते इथे. नावाजलेल्या वास्तू फोटोत मुद्दाम येतात. त्या मधोमध असतात, त्यांना मथळा मिळतो आणि चूक होते ती त्यांच्याच बाबतीत. दिव्याचा खांब, गटाराचे झाकण, ट्रामचे रूळ, नळकोंडाळे हे कुणी मुद्दाम टिपत नाही. ते योगायोगाने चौकटीत येतात, आणि त्यांच्याविषयी खोटे सांगण्यात कुणाचे हित नसते. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

रस्त्यावर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी. दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. म्हणजे रूळ आहेत पण वर तार नाही, तर फोटो १८७४ ते १९०७ मधला. तार आहे तर १९०७ नंतरचा. इथे आणखी एक बारकावा आहे. ट्रामला वर एकच तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. रबरी चाकांच्या ट्रॉलीबसला दोन तारा लागतात. मुंबईत ट्रॉलीबस धावली ती १९६२ ते १९७१ एवढीच, तीही गवालिया टँक ते माझगाव गोदी या बाजूला. रस्त्यावर रूळ नाहीत आणि वर तारांची जोडी आहे, असा फोटो दिसला की काळ आणि भाग दोन्ही एकदम हाती येतात. हे वाहन मुंबईत होते हे आज कितीतरी मुंबईकरांना ठाऊकही नाही.

यावर आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे. सेवा बंद झाली म्हणजे सामान लगेच निघते असे नाही. ट्राम थांबली तरी रूळ डांबराखाली राहिले. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या काळात ते पुन्हा उघडे पडले तेव्हा लोक पाहायला गोळा झाले होते. म्हणून जाणते लोक एक भेद पाळतात. वस्तू फोटोत असणे हा पक्का पुरावा, नसणे हा कच्चा. तार दिसते म्हणून फोटो १९०७ नंतरचा हे ठामपणे म्हणावे. तार दिसत नाही म्हणून तो आधीचा हे म्हणण्यापूर्वी ती जुन्या काचेवर उमटण्याइतकी जाड होती का, किंवा छपाईच्या वेळी कारागिराने ती खोडून काढली का, हे तपासावे. पोस्टकार्डवाले आकाश स्वच्छ दिसावे म्हणून तारा सर्रास खोडत.

पुतळ्यांची गंमत वेगळी. एस्प्लनेडवरचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला, तो १८७२ मध्ये उभा राहिला. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले तोच हा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, म्हणजे आपला काळा घोडा, १८७९चा. १९६५ मध्ये दोन्ही हलवले गेले आणि भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात आले. म्हणून पुतळा ओळखला एवढ्याने जागा ओळखली असे होत नाही. मागे गॉथिक कमानी आहेत की राणीबागेची झाडे, हे पाहिल्याशिवाय मथळा लिहू नये.

आठवणीची बाजू

विसाव्या शतकातल्या फोटोंसाठी नकाशाइतकीच माणसेही हाताशी आहेत. जुन्या काळासाठी लिखित आठवणी आहेत. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३चे, म्हणजे भिंती पडत असतानाचे. आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९चा. दिनशा वाच्छांच्या १८६० ते १८७५ च्या आठवणी १९२० मध्ये छापल्या गेल्या. इंग्रजी अल्बमांनी जे टिपले नाही ते यांतल्या मराठी पुस्तकांत सापडते. कुठे कोणता तलाव होता, कुणी बांधला, देऊळ कुठले, बाजार कशाचा. तरीही फोटो ओळखणारे त्यांच्याकडे कमी वळतात, याचे मला वाईट वाटते.

गिरणगावात आठवणीचा पक्ष सर्वांत बळकट आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थांबल्या, पुढे जमिनी विकल्या गेल्या, आणि ज्यांवरून रस्ता सांगितला जाई त्या चिमण्या पडल्या. फिनिक्सची चिमणी मॉलच्या आवारात उभी आहे, बाकी पुष्कळ गेल्या. गिरणीच्या आतले फोटो बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच दिसतात, लांबच लांब खाते आणि यंत्रांच्या रांगा. साचेखात्यात आयुष्य काढलेला माणूस मात्र तो फोटो पाहून हे त्रासनखाते, हे साचेखाते, असे क्षणात सांगतो, आणि पट्ट्याचा साचा आहे की मोटरचा यावरून काळही सांगतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या लोकांच्या आठवणींचे जे पुस्तक केले, 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने जे मराठीत आले, त्याने ही साक्ष किती समृद्ध आहे ते दाखवून दिले.

कागदपत्रे मानणाऱ्यांची हरकत अशी की आठवण दोन जागा एक करते, दोन वर्षे एक करते, आणि फोटो दाखवताना 'ही अमुक गिरणी ना?' असे विचारले की उत्तर बहुधा हो येते. हरकत खरी आहे. पण तिच्यावर उपायही आहे. नाव न सांगता फोटो दाखवावा, एकेकट्याला दाखवावा, आणि 'काय दिसते?' एवढेच विचारावे. खूण कशावरून पटली ते सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून ठेवावे. असे केले की आठवणही तपासता येण्याजोगा पुरावा होते. समूहात फोटो फिरवून बहुमताने नाव ठरवण्याची जी रीत पडली आहे तिच्यात नेमके हेच हरवते. पहिल्याने ठामपणे सांगितलेले नाव चिकटते आणि मग तेच पाच ठिकाणी छापून येते.

यंत्राची मदत

संगणकाने दोन प्रकारची मदत देऊ केली आहे. एक म्हणजे जुळणी. हजारो फोटोंतून एकाच इमारतीचे तुकडे शोधून ते एकत्र मांडणे, जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणे. यावर फारसे दुमत नाही, ही कामे माणसाला वर्षे लागली असती.

दुसरी मदत वादाची आहे. अंधूक फोटो 'स्वच्छ' करणे आणि काळ्यापांढऱ्यात रंग भरणे. इथे हे लक्षात घ्यावे की कोलोडियनच्या काचेला निळा प्रकाश दिसे, पिवळा आणि तांबडा जवळपास दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरे पांढरे येते आणि मालाडच्या पिवळसर दगडाची भिंत आहे त्याहून काळपट. काचेवर जो रंग पोचलाच नाही तो यंत्र परत आणू शकत नाही, तो अंदाजाने भरते. पाटीवरच्या पुसट अक्षरांचे तर त्याहून वाईट. यंत्र ती ठळक करते, पण ती बहुधा त्याने स्वतः रचलेली असतात. बाजू घेणारे म्हणतात की रंगीत फोटोमुळे लोक थांबून पाहतात, आणि लोकांनी पाहिले तरच कुणीतरी ओळखेल. हे म्हणणे टाकाऊ नाही. पण ओळख पटवण्याचे काम मूळ स्कॅनवरच व्हावे आणि रंगवलेल्या प्रतीवर तसा शिक्का असावा, एवढ्यावर तरी दोन्ही बाजू एकत्र यायला हरकत नसावी.

जे सुटलेले नाही

सर्वांत मोठा अडसर साठे विखुरलेले असण्याचा आहे. फोर्टच्या जुन्या फोटोंचे मोठे संच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही दिल्लीत अल्काझी संग्रहात, काही मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि एशियाटिक सोसायटीत, रेल्वे, बेस्ट आणि बंदराचे त्या-त्या खात्यांकडे, आणि कितीतरी घरोघरच्या पेट्यांत. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक फोटोंच्या स्वामित्वहक्काची मुदत उलटून गेली आहे, अडते ते मोठ्या आकाराच्या प्रतीपाशी. छोट्या प्रतीत ट्रामची तार दिसत नाही, आणि तार दिसली नाही तर वर सांगितलेले सारे फुकट जाते.

दुसरा प्रश्न नोंदीचा. फोटोखाली आज फक्त निष्कर्ष लिहिला जातो: अमुक जागा, अमुक साल. तो कशावरून काढला, कोणत्या दोन रेषा जुळल्या, कुणी काय सांगितले, खात्री किती, हे कुठेच नोंदले जात नाही. त्यामुळे चूक दुरुस्त करायला येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नोंदीची एकच रीत सर्वांनी मान्य करावी असे अनेकांना वाटते, पण ती कुणी ठरवायची यावर अजून गाडी अडलेली आहे. अभिलेखागारांना आपली वर्गीकरणे सोडवत नाहीत, हौशी अभ्यासकांना रकाने भरायचा कंटाळा.

तिसरा प्रश्न पुनर्बांधणीचा. १९९५च्या वारसा नियमावलीनंतर मुंबईत जीर्णोद्धाराची कामे वाढली आणि हरवलेला सज्जा, कठडा, घुमट जुन्या फोटोवरून पुन्हा घडवता येईल काय, हा प्रश्न खरा झाला. वॉटसन हॉटेल पाडलेले नाही, पण जुन्या फोटोतला तो मोकळा लोखंडी सांगाडा आणि आजची एस्प्लनेड मॅन्शन यांत साम्य शोधावे लागते. कोणत्या सालच्या फोटोकडे परत जायचे? इमारत ज्या दिवशी पुरी झाली त्या, की ती सर्वांत जास्त वापरात होती त्या? एका गटाला मूळ रूप हवे, दुसऱ्याला वाटते की नंतरच्या पिढ्यांनी केलेले बदल हाही इतिहासच आहे आणि तो खरवडून काढू नये. मी दुसऱ्या गटाकडे झुकतो, पण पहिल्याचे म्हणणे मला समजते. पडू घातलेल्या इमारतीला आधार देताना काहीतरी एक रूप निवडावेच लागते.

आणि शहर पाडले जाणे थांबलेले नाही. हँकॉक पूल २०१६ मध्ये गेला, १८६८चा कर्नाक पूल २०२२ मध्ये. १९२०च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. या सगळ्यांचे फोटो रहिवाशांनी ढीगभर काढले आहेत, आणि फोन प्रत्येक फोटोसोबत वेळ व जागा आपोआप लिहून ठेवू शकतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते आणि पुढच्याकडे नुसते चित्र पोचते. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर माहिती शाबूत राहते. चाळीचा नंबर, मजला आणि कोणत्या दिशेला तोंड करून फोटो काढला, एवढे त्याच वेळी लिहून ठेवले तर उरलेलेही भागते.